गोळी मोडू नका — पण हे सांगायचे कोणी?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहारात शुगर आणि बीपी तपासणीचे शिबिर घेतले. येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, असे आम्ही आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितले होते. आमचा अनुभव असा की, रुग्ण तोंडाने जेवढे सांगत नाही तेवढे त्याची औषधाची पिशवी सांगते.

धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. पन्नाशीच्या. त्यांच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी होती आणि शिवाय कुंकवाची एक जुनी डबी होती. डबीत शुगरच्या अर्ध्या अर्ध्या केलेल्या गोळ्या. विळीवर कापलेल्या. आम्ही विचारले, हे काय? मावशी कौतुकाने म्हणाल्या, "अर्धी आज, अर्धी उद्या. दहा गोळ्या वीस दिवस जातात नं सिस्टर."

गोळी दोन रंगांची होती. पट्टीवर औषधाच्या नावापुढे इंग्रजीत दोन अक्षरे छापलेली होती: एसआर. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही इंग्रजीत, लिहिले होते की गोळी अख्खी गिळावी, चावू किंवा कुटू नये. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी छान वाचतात. विहारातल्या वाचनात त्या पुढे असतात. पण ही ओळ त्यांच्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

"शुगर उतरत नाही आणि पोटात कालवते," ही त्यांची तक्रार होती. शुगर उतरत नव्हती, कारण औषध निम्मेच पोटात जात होते. आणि जे जात होते ते ज्या रीतीने जायला हवे त्या रीतीने जात नव्हते. हा लेख त्या रीतीबद्दल आहे. मावशींना रागावण्याचा आम्हाला अधिकार नाही. चार वर्षे त्या ही गोळी खात होत्या आणि चार वर्षांत एकानेही त्यांना दोन वाक्ये सांगितली नव्हती.

दोन अक्षरांत काय असते?

साधी गोळी पोटात गेली की थोड्या वेळात विरघळते. सगळे औषध जवळपास एकदमच रक्तात उतरते, मग हळूहळू ओसरते. म्हणून ती दिवसातून दोनदा, तीनदा घ्यावी लागते. एसआर म्हणजे सावकाश सुटणारी गोळी. ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, रिटार्ड अशी अक्षरे किंवा शब्द दिसले तरी अर्थ साधारण तोच. तिच्यात दिवसभराचे औषध एकत्र भरलेले असते आणि ते बारा किंवा चोवीस तासांत थोडे थोडे बाहेर यावे अशी व्यवस्था केलेली असते.

ही व्यवस्था करतो पॉलिमर. पॉलिमर म्हटले की आपल्याला प्लास्टिक आठवते. पण पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांबच लांब साखळी, मण्यांची माळ असते तशी. कापूस हा पॉलिमरच. भातातली पेज घट्ट होते ती पिठूळ पदार्थाच्या अशाच साखळ्यांमुळे.

उन्हाळ्यात आपण सब्जा भिजत घालतो. कोरडे असताना दाणे टणक, काळे. पाणी लागले की प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत पडदा फुगतो. एसआर गोळीचे काम बहुतेक वेळा असेच चालते. औषधाची पूड एका खास पॉलिमरमध्ये मिसळून दाबलेली असते. याचे लांबलचक नाव हायड्रॉक्सीप्रोपिल मेथिलसेल्युलोज. ते लाकडाच्या लगद्यातल्या किंवा कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंमधल्या सेल्युलोजपासून तयार करतात. गोळी पोटात ओली झाली की बाहेरून फुगते, तिच्याभोवती जेलीसारखा थर तयार होतो आणि औषध त्या थरातून झिरपत झिरपत बाहेर पडते. थर बाहेरून झिजतो, आत नवा थर फुगतो. औषधाला बाहेर पडायला किती वेळ लागेल हे त्या थराच्या जाडीवर आणि गोळीच्या आकारावर ठरते.

आता ही गोळी विळीवर कापली, दाताने फोडली किंवा खलबत्त्यात कुटली तर काय होईल? मोडल्याने पाण्याला नव्या बाजू उघड्या मिळतात आणि औषध लवकर सुटते. कुटल्यावर तर थर धरायला गोळीच उरत नाही. चोवीस तासांसाठी बांधलेली शिदोरी एका घासात संपते. आधी औषध जास्त होते, नंतर उरतच नाही.

दुसरा प्रकार आहे आतड्यात उघडणाऱ्या गोळीचा. तिच्यावर ईसी किंवा जीआर असे लिहिलेले असते. जठरातले आम्ल फार तीव्र असते, पुढे लहान आतड्यात ते राहत नाही. या गोळीवर असा पॉलिमर चढवतात की तो आम्लात टिकतो आणि आतड्यात गेल्यावरच विरघळतो. अ‍ॅसिडिटीसाठी सर्रास घेतली जाणारी पँटोप्राझोलची गोळी या प्रकारची. पँटोप्राझोल हे औषधच आम्लात नासते, म्हणून त्याला आवरण. आवरण फोडून खाल्ले तर औषध जठरातच वाया जाते, पैसे पाण्यात. उलट दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकला आवरण असते ते जठराच्या अस्तराला थेट झळ लागू नये म्हणून. बद्धकोष्ठावरची बिसाकोडिलची गोळीही अशीच. ती दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधाबरोबर घेऊ नये असे सांगतात, कारण जठरातले आम्ल कमी झाले की आवरण वेळेआधीच विरघळते आणि पोटात मुरडा येतो.

आवरणाची कल्पना जुनी आहे. 1884 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या उना नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने केराटिनचा, म्हणजे शिंगे, खूर, केस ज्याचे बनतात त्या पदार्थाचा लेप गोळ्यांवर चढवला होता. पुढे लाखेचा वापर झाला. आजही काही गोळ्यांवर लाखेचा थर असतो, आणि ही लाख झारखंड-छत्तीसगढच्या जंगलांतल्या पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरून आदिवासी गोळा करतात. 1952 साली अमेरिकेत वेगवेगळ्या जाडीचे थर दिलेल्या बारीक दाण्यांची कॅप्सूल बाजारात आली आणि दिवसभर पुरणाऱ्या औषधाचे युग सुरू झाले. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. आपल्या वस्तीपर्यंत ते पोहोचले नाही एवढेच.

आमच्याच हातून घडलेले

इतरांना शहाणपण शिकवण्याआधी आमची चूक सांगणे भाग आहे.

नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही पहिल्यांदा एका रुग्णालयात लागलो तेव्हाची गोष्ट. पुरुषांच्या वॉर्डात अर्धांगाचा झटका आलेले एक आजोबा होते. गिळता येत नव्हते, म्हणून नाकातून राइल्स ट्यूब टाकलेली. केसपेपरवर बीपीसाठी निफेडिपिनची रिटार्ड गोळी लिहिलेली. ट्यूबमधून गोळी जायची कशी? जशी रोज सगळ्याच गोळ्या जात तशी. खलात कुटली, पाण्यात कालवली, सिरिंजने सोडली. वॉर्डात पन्नास रुग्ण, आम्ही दोघी. सगळ्या रुग्णांच्या गोळ्या एकाच खलात.

तासाभरात आजोबा घामाने डबडबले. बीपी पाहिले तर वरचा आकडा कसाबसा ऐंशी. पायाकडची बाजू उचलली, सलाइन सुरू केले, डॉक्टरांना बोलावले. आजोबा वाचले. "स्ट्रोकचा पेशंट आहे, होते असे," एवढ्यावर विषय मिटला. आजोबांची सून दाराशी रडत उभी होती, तिला आम्ही काहीच सांगितले नाही. कारण काय घडले ते तेव्हा आम्हालाच कळले नव्हते.

कळले काही वर्षांनी, एका प्रशिक्षणात. निफेडिपिन झटकन रक्तात गेले तर बीपी एकदम कोसळू शकते आणि त्यातून मेंदूचा किंवा हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. बीपी वाढले की निफेडिपिनची साधी कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायची जुनी पद्धत याच कारणाने बंद पडली. तेच औषध पॉलिमरमध्ये बांधून सावकाश सोडले की सुरक्षितपणे बीपी ताब्यात ठेवते. आम्ही ती बांधणी कुटून टाकली होती. रिटार्ड गोळीचे आम्ही जिभेखालचे औषध केले होते.

नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी पाच गोष्टी पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्या दिवशी रुग्ण योग्य होता, औषध योग्य होते, कागदावर मात्राही योग्य होती. पण कुटल्याबरोबर मात्रा चुकली आणि वेळ चुकली. रजिस्टरमध्ये मात्र पाचही बरोबर. म्हणून आम्ही म्हणतो, आवरण हा गोळीवरचा शृंगार नव्हे. आवरण हा औषधाचाच भाग आहे, मात्रेचाच भाग आहे.

जास्त धोका कुठे?

सगळ्या औषधांत धोका सारखा नसतो. मेटफॉर्मिनची एसआर गोळी मोडली तर बहुधा मळमळ, जुलाब आणि शुगर नीट न राहणे एवढ्यावर भागते. पण काही औषधांत 'पुरेसे' आणि 'जास्त' यांतले अंतर फार थोडे असते.

दम्यासाठी दिली जाणारी थिओफिलिनची सावकाश सुटणारी गोळी चावली तर उलट्या, छातीत धडधड आणि प्रसंगी झटकेसुद्धा येऊ शकतात. मिरगीवरच्या कार्बामाझेपिनची सीआर गोळी कुटली तर आधी चक्कर, एकाचे दोन दिसणे, आणि नंतर औषध लवकर उतरल्याने फिट येण्याची भीती. कॅन्सरच्या वेदनांसाठी मॉर्फिनची बारा तासांची गोळी देतात. घरच्यांनी मायेपोटी ती कुटून मधात चाटवली तर बारा तासांचे मॉर्फिन एकदम जाते, गुंगी वाढते, श्वास मंदावतो. आजारी माणसाला गिळायला त्रास होतो, म्हणून घरातली लेक-सून गोळी कुटते. ती निष्काळजी नसते, उलट तीच सगळ्यांत काळजी घेणारी असते. म्हणूनच तिला हे आधी सांगायला हवे.

दारूबद्दलही बोलले पाहिजे, आपल्या वस्त्यांत ते टाळून चालत नाही. काही पॉलिमर पाण्यात टिकतात पण दारूत विरघळतात. अमेरिकेत हायड्रोमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाची चोवीस तास चालणारी 'पॅलाडोन' नावाची कॅप्सूल आली होती. दारूबरोबर घेतल्यास दिवसभराचे औषध एकदम सुटून जीव जाऊ शकतो हे लक्षात आल्यावर 2005 साली ती बाजारातून मागे घेतली गेली. गोळी न मोडताही आवरण मोडू शकते ते असे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून शिबिरात बायका तोंडाला पदर लावून हसतात, पण तिच्यामुळे औषधे बंद पडतात. "गोळी शौचावाटे जशीच्या तशी पडली, म्हणजे लागूच पडली नाही." मेटफॉर्मिनच्या काही एसआर गोळ्यांचा फुगलेला सांगाडा तसा दिसतो. औषध आधीच झिरपून गेलेले असते, पडते ते रिकामे खोके. काही गोळ्यांत तर बाहेरचे कवच विरघळतच नाही. त्याला लेझरने एक बारीक छिद्र पाडलेले असते, पाणी आत शिरते आणि औषध त्या छिद्रातून ढकलले जाते. काम झाले की कवच बाहेर. हे माहीत नसल्याने आमच्या ओळखीच्या एका काकांनी तीन महिने गोळी सोडली होती. घाबरू नका, आणि औषधही सोडू नका.

आवरण म्हणजे चांगलेच, असेही नाही

हे वाचून कोणी उद्या दुकानात जाऊन "मला एसआरच द्या" असे म्हणू नये. महाग आणि अक्षरे लावलेली गोळी प्रत्येक वेळी चांगली नसते.

लोहाची गोळी घ्या. लोह शोषले जाते ते मुख्यतः जठराला लागून असलेल्या आतड्याच्या पहिल्या भागात. आवरण उशिरा उघडले तर औषध तो भाग ओलांडून पुढे निघून जाते. म्हणून सावकाश सुटणाऱ्या महागड्या लोहाच्या कॅप्सूलपेक्षा सरकारी दवाखान्यातली फुकट मिळणारी गोळी बहुतेकींना जास्त उपयोगी पडते. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची असते. तिच्यावर फक्त साखरेचा थर असतो, तोही चव आणि वास झाकायला. "फुकटची गोळी काय कामाची" म्हणून ती उकिरड्यावर टाकून दुकानातून महागडी कॅप्सूल आणणाऱ्या आम्ही पाहिल्या आहेत.

मेटफॉर्मिनचेही तसेच. साधी गोळी दोन वेळा जेवणाबरोबर घेतली तरी शुगर तितकीच ताब्यात राहते. एसआरचा फायदा म्हणजे गोळी एकदाच घ्यावी लागते आणि अनेकांना पोटाचा त्रास कमी होतो. ज्याला साधी गोळी सोसते आणि दोन वेळा आठवण राहते त्याने जास्त पैसे घालवायचे कारण नाही.

कधी आवरण मुद्दाम फोडायचे असते. हृदयविकाराचा झटका असावा असे वाटल्यावर डॉक्टर अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात, कारण तेव्हा औषध लगेच रक्तात जायला हवे. अर्थात हे आपल्या मनाने करायचे नाही. छातीत दाबल्यासारखे दुखू लागले तर आधी 108 ला फोन. आणि ज्या गोळीवर डीटी लिहिलेले असते तिचा नियम उलटाच, ती पाण्यात विरघळवून द्यायची. जुलाब झालेल्या बाळाला ओआरएसबरोबर 14 दिवस देतात ती झिंकची गोळी अशी. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात ती आपोआप विरते.

काही सावकाश सुटणाऱ्या गोळ्यांवर मधोमध रेघ असते आणि त्या रेघेवर अर्ध्या करता येतात. त्यांच्यात वेगवेगळे आवरण घातलेले शेकडो दाणे असतात, म्हणून गोळी अर्धी झाली तरी दाणे शाबूत राहतात. बीपी आणि हृदयासाठीचे मेटोप्रोलॉल सक्सिनेट काही वेळा अशा रूपात येते. पण अर्धी करता येते म्हणजे कुटता येते असे नाही, आणि नुसती रेघ दिसली म्हणून मोडायचेही नाही. प्रत्येक गोळीचा नियम वेगळा, म्हणून विचारण्याला पर्याय नाही.

"यांना सांगून काय कळणार?"

हे वाक्य आम्ही ओपीडीत, वॉर्डात, औषधाच्या खिडकीवर असंख्य वेळा ऐकले आहे. 'यांना' म्हणजे कोणाला, ते वेगळे सांगायला नको. आमचे उत्तर असे: जिला सब्जा भिजवता येतो, जिला पापडाच्या पिठात पापडखार किती घालायचा ते कळते, तिला एसआर गोळी कळते. शिबिरात आम्ही एका ग्लासात साधी गोळी आणि दुसऱ्यात एसआर गोळी टाकून ठेवली. अर्ध्या तासाने साधी विरून तळाशी पीठ झाले होते. एसआर गोळी फुगून तशीच होती, भोवती काचेसारखी साय. मावशींनी ग्लास उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी रोज हिची साय काढत होतो." आणखी काय कळायचे राहिले?

ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षरांपासून लांब ठेवले गेले, त्यांच्या औषधाचा नियम आज परक्या भाषेतल्या दोन अक्षरांत बंद आहे. न कळणे हा रुग्णाचा दोष ठरतो आणि न सांगणे हा कोणाचाच दोष ठरत नाही. हे आम्हाला मान्य नाही. औषध कसे घ्यायचे हे सांगणे ही मेहेरबानी नव्हे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत औषधविक्रेत्याचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. प्रश्न फक्त ते मागण्याचा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत.

पट्टीवर मराठीत ठळक अक्षरांत लिहा: "मोडू नका, चावू नका, कुटू नका." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोडलेल्या गोळीवर फुलीचे चित्र छापा. जिथे सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत देतात तिथे पुडीवर तोच शिक्का मारा. याला किती खर्च येणार आहे?

प्रत्येक वॉर्डात, नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर 'न कुटायच्या गोळ्यां'ची यादी लावा. ट्यूब असलेल्या रुग्णाला एसआर गोळी लिहिली असेल तर नर्सने ती कुटण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारावे. बहुतेक वेळा पातळ औषध, डीटी गोळी किंवा साधी गोळी विभागून देणे असा मार्ग निघतो. विचारणाऱ्या नर्सला कोणी उद्धट म्हणू नये. आम्ही त्या दिवशी विचारले असते तर आजोबांवर ती वेळ आली नसती.

सरकारी पुरवठ्यात एका महिन्यात साधी आणि दुसऱ्या महिन्यात एसआर गोळी आली तर ते रुग्णाला सांगा. नाहीतर एसआर गोळी जुन्या सवयीने दोनदा घेतली जाते किंवा साधी गोळी एकदाच.

आणि सर्वांत महत्त्वाचे: गोळी का मोडली जाते हे विचारा. मावशींनी गोळी मोडली ती अज्ञानाने नव्हे, हिशेबाने. महिन्याच्या पगारात गोळ्यांचे पैसे बसत नव्हते. जनऔषधी केंद्रात मेटफॉर्मिनच्या एसआर गोळ्या कमी दरात मिळतात, सरकारी दवाखान्यात साध्या गोळ्या मिळू शकतात. पण त्यासाठी आधी डॉक्टरने "परवडते का?" एवढे विचारावे लागते.

दिवसातून एकदाच घ्यायची गोळी सगळ्यांत जास्त कोणाला हवी? जिला पहाटे पाचला घर सोडून चार घरची कामे करायची असतात तिला. ज्याला नाक्यावर उभे राहायचे असते त्याला. विज्ञान तर गोळीच्याही पुढे गेले आहे. बाळंतपणात आम्ही जो धागा टाके घालायला वापरायचो, जो काढावा लागत नाही, आपोआप विरतो, त्याच जातीच्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध भरून इंजेक्शन देतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइडचे असे इंजेक्शन महिना ते तीन महिने काम करते. मानसिक आजारावरचे रिस्पेरिडोनचे असेच एक इंजेक्शन दोन आठवड्यांनी घ्यावे लागते. रोजची गोळी घेणे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठीच हे शोध आहेत, आणि किमतीमुळे नेमके तेच यांच्यापासून लांब आहेत. कापूस आमच्या बाया वेचतात, लाख आदिवासी खरवडतात. त्यातून तयार झालेला गुण मात्र रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत येत नाही. सार्वजनिक दवाखान्यांतून तो आलाच पाहिजे, ही मागणी आपण सोडू नये.

खिडकीवर विचारायचे पाच प्रश्न

हे कापून घरात गोळ्यांच्या डब्यावर चिकटवा.

1. ही गोळी अख्खी गिळायची आहे, की मोडली तरी चालते?
2. जेवणाआधी की जेवणाबरोबर? दिवसातून कितीदा?
3. गिळता येत नसेल तर याच औषधाचे पातळ किंवा पाण्यात विरघळणारे रूप आहे का?
4. मागच्या वेळची आणि ही गोळी एकच आहे का? रंग, आकार, अक्षरे बदलली आहेत.
5. हे परवडत नाही. याच गुणाचे स्वस्त औषध कोणते?

पाचवा प्रश्न विचारताना आवाज खाली जातो, हे आम्हाला माहीत आहे. तो जाऊ देऊ नका. गोळी गुपचूप अर्धी करण्यापेक्षा तो प्रश्न मोठ्याने विचारणे चांगले. आणि चालू असलेली गोळी हा लेख वाचून आपल्या मनाने बंद करू नका, बदलू नका. पट्टी घेऊन जा आणि विचारा.

मावशींची पट्टी घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, आता त्या सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या साध्या गोळ्या दोन वेळा जेवणाबरोबर घेतात. कुंकवाची डबी त्यांनी आम्हाला देऊन टाकली. पुढच्या शिबिरात दोन ग्लासांच्या शेजारी ती ठेवणार आहोत, आणि गोष्ट मावशीच सांगणार आहेत.